म्हादईपासून मांडवीच्या मुखापर्यंत: पाण्यातून निघणारे हरितगृह वायू कसे मोजायचे

खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचतं. त्याच तालुक्यात देगावच्या जंगलात म्हादई उगम पावते. ती पश्चिमेला घाट उतरून मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यात पडलेला पाऊस असा दोन समुद्रांना जातो. म्हणून किनाऱ्याच्या पाण्यातून हवेत किती वायू सुटतो, हा प्रश्न बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या माणसांचाही आहे, असं मला मनापासून वाटतं. किनाऱ्यावर सुटणाऱ्या वायूचा बराचसा कच्चा माल घाटावरून खाली गेलेला असतो.

म्हादईच्या पाण्याच्या वाटणीवर २०१० साली लवाद नेमला गेला आणि २०१८ मध्ये त्याचा निवाडा आला. तो विषय इथे नाही. हे पाणी वाटेत हवेला काय देतं आणि ते आपल्याला कसं मोजता येईल, एवढंच इथे पाहायचं आहे. सीमाभागातले विज्ञान शिक्षक, पदवीचे विद्यार्थी आणि निसर्गमंडळं यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. बहुतेक सामान बाजारात मिळतं. जे मिळत नाही त्यासाठी विद्यापीठाची प्रयोगशाळा गाठावी लागते, तेही पुढे सांगतो.

आधी तीन वायूंची ओळख

माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण एक चतुर्थांश भाग महासागर शोषून घेतात. हे खरं आहे, पण नदी समुद्राला मिळते तिथल्या खाडीत बहुतेक वेळा उलटं घडतं. पावसाळ्यात घाटातल्या जंगलाची कुजलेली पानं, माती आणि त्या मातीत मुळांनी व जिवाणूंनी सोडलेला वायू नदीत उतरतो. खाली आल्यावर त्यात गावांचं सांडपाणी आणि खारफुटीचा पालापाचोळा मिसळतो. जिवाणू हे सगळं खातात, पाण्यातला ऑक्सिजन वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. मग पाण्यात मावायला हवा त्यापेक्षा जास्त वायू साठतो आणि उघडलेल्या सोड्याच्या बाटलीसारखा तो बाहेर पडत राहतो, फक्त डोळ्यांना न दिसता.

मिथेनची गोष्ट वेगळी आहे. तो ऑक्सिजन नसलेल्या चिखलात तयार होतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं खाद्य आधीच पळवतात. त्यामुळे गोड्या पाण्याच्या तळ्यात मिथेन जास्त आणि खाऱ्या पाण्यात कमी, असा साधारण नियम दिसतो. खाडीत वरून खाली जाताना हा बदल मोजता येतो आणि विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तिसरा नायट्रस ऑक्साइड. हा खताच्या आणि सांडपाण्याच्या नायट्रोजनमधून येतो. पाण्यातला ऑक्सिजन कमी होत जातो तेव्हा तो सर्वांत जास्त बनतो. ऑक्सिजन पूर्ण संपला की जिवाणू तोही वापरून टाकतात आणि साधा नायट्रोजन उरतो. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार शंभर वर्षांच्या हिशोबात एक किलो मिथेन साधारण २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतका, तर एक किलो नायट्रस ऑक्साइड २७३ किलोइतका तापवतो.

गोव्याचा किनारा या बाबतीत जगाच्या नकाशावर आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल समुद्रातलं कमी ऑक्सिजनचं पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागात वर सरकतं. त्याच वेळी पाऊस आणि नद्या वरच्या थरात गोडसर पाणी पसरतात. हा हलका थर झाकणासारखा बसतो, खालच्या पाण्याला हवा मिळत नाही आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाचा ऑक्सिजन जवळपास संपतो. दोनापावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, स्थापना १ जानेवारी १९६६, कांदोळीसमोरच्या ठरावीक ठिकाणी वर्षानुवर्षं हे मोजत आली आहे. इथल्या पाण्यात नायट्रस ऑक्साइडचा मोठा साठा होतो, हे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात मांडलं. ते काम मोठ्या जहाजाचं आणि महागड्या यंत्रांचं. आपण नदी आणि खाडीपुरतं पाहायचं.

पहिली पायरी: एकच प्रश्न ठरवा

“प्रदूषण मोजू या” म्हणून निघालेली मंडळी भरपूर आकडे घेऊन येतात आणि त्यातून काहीच सांगू शकत नाहीत. प्रश्न छोटा हवा. गोड्या पाण्याकडून खाऱ्या पाण्याकडे जाताना कार्बन डायऑक्साइड कसा बदलतो? पावसाळ्यानंतर लगेच आणि मार्चमध्ये काय फरक पडतो? भरती आणि ओहोटीत किती फरक पडतो? यातला एक घ्या. पहिल्या वर्षी पहिलाच प्रश्न घ्यावा, कारण त्याचं उत्तर इतकं ठळक येतं की हातून थोडी चूक झाली तरी कल लपत नाही.

दुसरी पायरी: तरंगता डबा तयार करा

सगळ्या कामाचा कणा म्हणजे हा डबा. साधारण ३० सेंटिमीटर व्यासाचा, कडा सरळ असलेला प्लास्टिकचा टब घ्या. तो पाण्यावर उपडा ठेवायचा. बाहेरच्या बाजूने जाड फोमच्या पट्ट्या किंवा मुलांच्या पोहण्याच्या ट्यूबचा तुकडा घट्ट बांधा. टबाची कड पाण्याखाली दोन ते तीन सेंटिमीटर बुडली पाहिजे. जास्त बुडाली तर पाणी नैसर्गिकपणे हलत नाही, कमी बुडाली तर लाटेबरोबर हवा आत शिरते. बाहेरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, नाहीतर उन्हात आतली हवा तापते आणि आकडे बिघडतात.

आत एक एनडीआयआर प्रकारचा कार्बन डायऑक्साइड सेन्सर बसवा. इन्फ्रारेड किरणांवर चालणारा हा प्रकार आहे. स्वस्तात मिळणारे काही सेन्सर इतर वायूंवरून कार्बन डायऑक्साइडचा नुसता अंदाज दाखवतात, ते या कामाला चालत नाहीत. घेताना तांत्रिक माहितीत एनडीआयआर लिहिलं आहे का ते पाहा आणि मोजण्याची कमाल मर्यादा किमान ५,००० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५,००० भाग, असू द्या. सेन्सर टबाच्या छताला, पाण्यापासून शक्य तितका दूर, वाफेचं पाणी थेंबाथेंबाने त्यावर पडणार नाही असा लावा. शेजारी संगणकातला छोटा पंखा, ५ व्होल्टचा, मंद गतीने फिरू द्या. आकडे नोंदवायला मायक्रोकंट्रोलर आणि मेमरी कार्ड, विजेसाठी पॉवर बँक. अभियांत्रिकी शिकणारी मुलं बेळगावात भरपूर आहेत. एकाला बरोबर घ्या, हे काम त्याच्यासाठी एका संध्याकाळचं.

टबाला दोन भोकं पाडा. एकात रबरी बूच बसवा, म्हणजे सिरिंजने आतला वायू काढता येईल. दुसऱ्यात हाताएवढी लांब बारीक नळी लावा, तिचं बाहेरचं तोंड उघडं. टब पाण्यावर टेकवताना आत दाब वाढतो, तो या नळीतून निघून जातो. नळी बारीक आणि लांब असल्याने आतला वायू फारसा बाहेर जात नाही.

आता सेन्सरच्या दोन गोष्टी, ज्या दुकानदार सांगत नाही. पहिली, बऱ्याच सेन्सरमध्ये स्वतःला आपोआप जुळवून घेण्याची सोय असते. दिवसभरातला सर्वांत कमी आकडा म्हणजे मोकळी हवा, असं गृहीत धरून ते स्वतःला बदलत राहतात. बंद डब्यात काम करताना ही सोय बंद करा. दुसरी गोष्ट खास आपल्यासाठी आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे आणि इथला हवेचा दाब पणजीपेक्षा साधारण आठ टक्क्यांनी कमी असतो. एनडीआयआर सेन्सर दाबावर अवलंबून असतो. बेळगावात तपासून ठेवलेला सेन्सर घाट उतरल्यावर तसाच वापरला तर आकडे जास्त दिसतील. बहुतेक चांगल्या सेन्सरना उंची किंवा दाब सांगता येतो. घाटाखाली पोहोचल्यावर तो बदला आणि मोकळ्या वाऱ्यात, माणसांपासून दूर धरून पाहा. आकडा ४२० ते ४५० पीपीएमच्या आसपास असला पाहिजे. सेन्सरजवळ तोंड नेऊन बोलू नका. श्वासातून आलेला कार्बन डायऑक्साइड आकडा एकदम वर नेतो.

तिसरी पायरी: घरच्या तळ्यावर हात बसवा

समुद्राकडे जाण्याआधी बेळगावातच सराव करा. किल्ला तलाव, नाहीतर गावचं एखादं तळं चालेल. ज्यांच्या ताब्यात ते तळं आहे त्यांची परवानगी घ्या.

डबा आधी दोन मिनिटं हवेत उघडा धरा, मग एका बाजूने हळूच टेकवत पाण्यावर ठेवा. धपकन ठेवला तर पाणी ढवळतं आणि पहिली काही मिनिटं खोटा वायू येतो. पंधरा ते वीस मिनिटं आकडे नोंदवा. उचला, हवा खेळू द्या, पुन्हा ठेवा. एका ठिकाणी तीन वेळा करा आणि तिन्ही वेळचा चढ जुळतो का पाहा.

दुपारी उन्हात हिरव्या पाण्याच्या तळ्यावर आकडा खाली जाताना दिसला तर गोंधळू नका. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेत असतं. त्याच तळ्यावर पहाटे जा, आकडा चढताना दिसेल. फक्त दिवसा मोजून “हे तळं वायू शोषतं” असं लिहिणं चूक आहे. दिवस आणि रात्र दोन्ही हवेत, निदान सूर्योदयाआधी एकदा आणि दुपारी एकदा.

काठाजवळच्या चिखलातून बुडबुडे येताना दिसतील. त्यात मुख्यतः मिथेन असतो आणि कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर तो पकडत नाही. बुडबुडे मोजायचे असतील तर मोठं नरसाळं उलटं करून पाण्याखाली टांगा, त्याच्या अरुंद तोंडाला पाण्याने भरलेली सिरिंज जोडा आणि चोवीस तासांत किती मिलिलिटर वायू जमला ते पाहा. जवळून चालू नका, पायाच्या दाबानेही बुडबुडे सुटतात.

चौथी पायरी: ठिकाणं आणि दिवस

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटाने उतरलं की साखळीकडे जाता येतं. आमच्या भागातल्या माणसांचा हा रोजचा रस्ता. भर पावसात घाटात दरडी आणि धुकं असतं, त्यामुळे कामाची मोहीम ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा मार्चमध्ये काढा.

ठिकाणं अशी निवडता येतील: सत्तरीत वाळपईजवळ म्हादईचं गोडं पाणी, मग उसगाव-गांजे, जिथपर्यंत भरतीचा परिणाम पोहोचतो, तोंडापासून साधारण पन्नास किलोमीटर आत. पुढे रायबंदर-चोडण फेरीचा धक्का, त्यानंतर पणजी-बेतीकडचा काठ आणि शेवटी मिरामारजवळचं मोकळं पाणी. फेरीचे धक्के सोयीचे आहेत, कारण तिथे होडी भाड्याने न घेता खोल पाण्याजवळ पोहोचता येतं. मात्र फेरी येऊन गेल्यावर पाणी ढवळलेलं असतं. निदान दहा मिनिटं जाऊ द्या आणि धक्क्यावरच्या लोकांना आधी सांगून काम करा.

उगमाकडचा भाग भीमगड अभयारण्यात येतो. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय जाऊ नका. कर्नाटकातल्या खात्याला अर्ज कन्नडमध्ये द्या आणि प्राचार्यांचं पत्र जोडा, काम लवकर होतं. चोडणच्या खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथे गोव्याच्या वनखात्याची परवानगी लागते.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी काढा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टकं प्रसिद्ध करतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जोरात आत-बाहेर करतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतं, पाणी कमी हलतं. तुलना करायची असेल तर सगळ्या फेऱ्या एकाच प्रकारच्या दिवसांत करा. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात, म्हणजे एका दिवसात एकाच ठिकाणी बसून पूर्ण चक्र पकडता येतं. माझ्या मते पाच ठिकाणी धावत एकेक आकडा घेण्यापेक्षा चोडणच्या धक्क्यावर तेरा तास बसून दर तासाला मोजणं जास्त शिकवतं. ओहोटीला वरचं गोडं, वायूने भरलेलं पाणी आणि खारफुटीच्या चिखलातून झिरपलेलं पाणी समोरून जातं. भरतीला समुद्राचं येतं. फरक डोळ्यांसमोर उभा राहतो.

पाचवी पायरी: खाडीत डबा टाकताना

वाहत्या पाण्यात डबा दोरीने एका जागी घट्ट बांधला तर त्याच्या कडेला पाणी आपटून खळबळ होते आणि वायू खऱ्यापेक्षा जास्त सुटतो. होडीतून काम करत असाल तर डबा आणि होडी दोन्ही प्रवाहाबरोबर वाहू द्या, दोरी सैल ठेवा. धक्क्यावरून काम असेल तर लांब दोरी हळूहळू सोडत डब्याला शक्य तितकं प्रवाहाबरोबर जाऊ द्या आणि दहा मिनिटांचीच नोंद घ्या. लाटा फुटत असतील तिथे डबा वापरू नका. मिरामारच्या किनाऱ्यावर फक्त पाण्याचे नमुने घ्या.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, काठावर उभं राहणाऱ्यालाही. दोघांपेक्षा कमी माणसांनी कधीच काम करू नये. खारफुटीच्या चिखलात एकट्याने उतरू नका.

सहावी पायरी: मिथेनसाठी सिरिंज

६० मिलिलिटरची प्लास्टिकची सिरिंज आणि तिला तीन तोंडांची तोटी. पाण्याखाली सिरिंज बुडवून बुडबुडा न येता ३० मिलिलिटर पाणी भरा. मग ३० मिलिलिटर मोकळी हवा आत ओढा, तोटी बंद करा आणि दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. पाण्यातला मिथेन वरच्या हवेत येतो. आता पाणी बाहेर ढकला आणि वायू आतली हवा काढून घेतलेल्या, रबरी बुचाच्या काचेच्या कुपीत सुईने भरा. कुपीच्या मापापेक्षा थोडा जास्त वायू भरा, म्हणजे आत दाब राहतो आणि बाहेरची हवा शिरत नाही. त्याच वेळी मोकळ्या हवेचीही एक कुपी भरा, हिशोबाला ती लागतेच. पाण्याचं तापमान लगेच लिहून ठेवा.

नमुना टिकवायला प्रयोगशाळांत मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचं संयुग वापरतात. ते अतिशय विषारी आहे आणि विद्यार्थ्यांच्या हातात देऊ नये. वर सांगितल्याप्रमाणे जागेवरच वायू वेगळा केला की पाऱ्याची गरज राहत नाही. नमुने सिरिंजमध्येच ठेवून परत घाट चढू नका. वर जाताना दाब कमी होतो, आतला वायू फुगतो, दट्ट्या सरकतो आणि तोटीतून गळती होते.

कुप्यांची तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिसळलेले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर होते. मिथेनला फ्लेम आयनायझेशन डिटेक्टर, नायट्रस ऑक्साइडला इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर लागतो. ज्या विद्यापीठात किंवा संस्थेत हे यंत्र आहे तिथे मोहिमेच्या आधीच बोलून घ्या. किती नमुने, कोणत्या मापाच्या कुप्या, कधी आणायचे, सगळं ठरवूनच निघा.

सातवी पायरी: सोबतची मोजमापं

खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वाकतो यावरून क्षार सांगणाऱ्या छोट्या उपकरणाने मोजा. समुद्राचं पाणी हजार भागांत ३५ च्या आसपास, नदीचं जवळपास शून्य. हा आकडा नसेल तर बाकीचे आकडे निरुपयोगी, कारण खाडीत ठिकाणाचं खरं नाव खारटपणा हेच असतं. नकाशावरची जागा तीच राहते, पाणी दर तासाला बदलतं.

ऑक्सिजनसाठी विंकलर पद्धत, म्हणजे पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन टायट्रेशनने मोजायची पद्धत, प्रत्येक रसायनशास्त्राच्या शिक्षकाला येते. बाटली बुडबुडा न राहता भरा, मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड जागेवरच टाका, अवक्षेप बसू द्या, टायट्रेशन संध्याकाळी करा. २०० मिलिलिटर नमुन्याला ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट वापरलं तर जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन. २५ अंश तापमानाला पणजीत गोड्या पाण्यात हवेशी समतोल असताना सुमारे ८.३ मिलिग्रॅम असतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या जवळपास. बेळगावात दाब कमी असल्याने गोड्या पाण्याचा आकडा साधारण ७.६ वर येतो, त्यामुळे किल्ला तलावातला ऑक्सिजन पणजीच्या मापाने “कमी” ठरवू नका. दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला तर पाणी गुदमरलेलं समजा आणि तिथे नायट्रस ऑक्साइडसाठी जास्त नमुने घ्या.

पीएच आणि अल्कॅलिनिटी (पाण्याची आम्ल शोषून घेण्याची क्षमता) यांवरून कार्बन डायऑक्साइड काढण्याची पद्धत पुस्तकांत आहे. घाटातल्या नद्यांसाठी मी ती वापरू नका असंच सांगेन. या नद्यांचं पाणी मऊ, क्षार कमी, जंगलातली सेंद्रिय आम्लं मिसळलेली. अशा पाण्यात पीएचची छोटी चूकही मोठी होते आणि गणितातून आलेला कार्बन डायऑक्साइड खऱ्यापेक्षा बराच जास्त दिसतो. समुद्राच्या तोंडाकडे ती पद्धत बरी चालते.

आठवी पायरी: हिशोब

समजा रायबंदरला डब्यातला आकडा दहा मिनिटांत ४२० वरून ४७० पीपीएम झाला. म्हणजे मिनिटाला ५ पीपीएम. आलेखावर रेघ सरळ आहे का पाहा. वाकडी असेल तर सुरुवातीचा सरळ भागच घ्या.

डब्यात पाण्याच्या वर हवेची उंची २० सेंटिमीटर, म्हणजे ०.२ मीटर आहे. बाजू सरळ असल्या की आकारमान भागिले क्षेत्रफळ म्हणजे हीच उंची. पणजीच्या दाबाला आणि २८ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत सुमारे ४०.५ मोल वायू असतो (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक). बेळगावच्या दाबाला २५ अंशांवर हा आकडा ३७.४ च्या जवळ येतो, तो वेगळा लक्षात ठेवा.

गुणाकार असा: ५ दशलक्षांश × ४०.५ × ०.२ = ४०.५ मायक्रोमोल, दर चौरस मीटरला दर मिनिटाला. दिवसाच्या १,४४० मिनिटांनी गुणलं की सुमारे ५८ मिलिमोल. एका मोलचं वजन ४४ ग्रॅम, म्हणून दर चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे २.६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. यात दिवसभर हाच वेग राहतो असं गृहीत धरलं आहे. म्हणूनच तेरा तासांची बैठक महत्त्वाची.

आता मिथेन. समजा मोकळ्या हवेच्या कुपीत २ पीपीएम आणि हलवलेल्या सिरिंजच्या वायूत ४ पीपीएम आला. पाणी आणि हवा सारख्या मापाची घेतली असेल तर २५ अंशाला, समुद्रसपाटीच्या दाबाला, हवेतला एक पीपीएम म्हणजे लिटरमागे ४०.९ नॅनोमोल. वाढ दोन पीपीएमची, म्हणून ८१.८. हलवल्यानंतर पाण्यातही थोडा मिथेन उरतो. मचूळ पाण्यात तो दर पीपीएमला सुमारे १.२ नॅनोमोल, म्हणजे चाराला ४.८. एकूण सुमारे ८७ नॅनोमोल प्रति लिटर. हवेशी समतोल असता तर फक्त २.४ असता. म्हणजे पाण्यात हवेच्या मानाने छत्तीस पट मिथेन आहे.

हा मिथेन किती वेगाने बाहेर पडतो ते वाऱ्यावर आणि पाण्याच्या खळबळीवर ठरतं. मोकळ्या समुद्रासाठी सर्वत्र वापरलं जाणारं सूत्र सांगतं की वेग, तासाला सेंटिमीटरमध्ये, म्हणजे ०.२५१ गुणिले वाऱ्याच्या गतीचा वर्ग. वारा सेकंदाला ५ मीटर असेल तर ६.३ सेंटिमीटर, दिवसाला दीड मीटर. वारा दुप्पट झाला की वेग चौपट. तापमानाची दुरुस्ती तात्पुरती सोडली तर ८७ मधून २.४ वजा करून दीडने गुणलं की चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे १२७ मायक्रोमोल, वजनात २ मिलिग्रॅम मिथेन. सत्तावीसने गुणलं तरी ५५ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतकंच. वरच्या २.६ ग्रॅमसमोर ते किती लहान आहे पाहा. गोड्या पाण्याच्या गाळ भरलेल्या तळ्यात हेच गणित करून पाहा, विशेषतः बुडबुडे धरून, आणि तुलना करा.

वाऱ्याचं हे सूत्र खाडीत कमी आकडा देतं, कारण तिथे भरती-ओहोटीचा प्रवाहच पाणी ढवळत असतो. निकाल लिहिताना ही मर्यादा त्याच ओळीत लिहा.

नववी पायरी: आपल्या शिवाराचा वाटा

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरीकडे ऊस भरपूर आहे. तिथलं पाणी वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशीतून कृष्णेला जातं आणि आंध्रात हंसलदीवीजवळ समुद्राला मिळतं. वाटेत मोठी धरणं आहेत, त्यामुळे बराच वायू किनाऱ्याला पोहोचण्याआधीच सुटतो. तरी शेतकऱ्याला स्वतःच्या खताचा हिशोब करून दाखवता येतो.

युरियाचं एक पोतं ४५ किलोचं, त्यात ४६ टक्के नायट्रोजन. दहा पोती म्हणजे २०७ किलो नायट्रोजन. आयपीसीसीच्या २०१९ च्या सुधारित पद्धतीनुसार पावसाळी किंवा ओलिताच्या भागात यातला २४ टक्के पाण्याबरोबर वाहून किंवा झिरपून जातो असं धरतात, म्हणजे सुमारे ५० किलो. त्यातला १.१ टक्का भूजल, नदी आणि खाडीत नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने सुटतो. रेणूच्या वजनाची दुरुस्ती केली की ०.८६ किलो नायट्रस ऑक्साइड आणि २७३ ने गुणलं की सुमारे २३४ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. शेतातून थेट हवेत सुटणारा वायू यात धरलेला नाही. पाट सोडण्याच्या आदल्या दिवशी एकदम युरिया टाकण्याऐवजी तो हप्त्यांनी आणि मातीआड दिला तर झाडाला जास्त मिळतो आणि पाण्यात कमी जातो. शेतकऱ्याशी बोलताना आधी वाया गेलेल्या खताचे पैसे सांगा, वायू नंतर.

दहावी पायरी: नोंद आणि मांडणी

प्रत्येक आकड्यासमोर तारीख, वेळ, भरतीची अवस्था, खारटपणा, तापमान, वारा आणि मोजणाऱ्याचं नाव लिहा. आलेख काढताना आडव्या अक्षावर किलोमीटरऐवजी खारटपणा घ्या. गोडं आणि खारं पाणी नुसतं मिसळत असेल तर ठिपके दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेघेजवळ बसतील. रेघेच्या वर फुगवटा दिसला तर खाडीच्या आतच कुठून तरी वायू येतो आहे, सांडपाण्याचा नाला, खारफुटी किंवा गाळ. रेघेच्या खाली गेला तर वायू वाटेतच हवेत सुटला किंवा जिवाणूंनी वापरला. पहिल्या पायरीतल्या प्रश्नाचं उत्तर या एका आलेखातून मिळतं.

पूर्ण खाडीचं क्षेत्रफळ घेऊन तुमच्या दोन-चार ठिकाणांच्या आकड्यांनी गुणू नका. किमान आणि कमाल यांच्यातला पल्ला द्या, ऑक्टोबर आणि मार्चचे वेगळे. मूळ नोंदी तशाच, न बदलता, जपून ठेवा आणि त्यांची प्रत गोव्यातल्या एखाद्या महाविद्यालयालाही द्या, म्हणजे पुढच्या मोसमात घाटाखालची मुलं खाडी सांभाळतील, वरची मुलं गोडं पाणी, आणि दोघांच्या नोंदी एकाच दिवसाच्या असतील. त्यासाठी दोन्ही गटांनी मोहिमेआधी आपापले सेन्सर एकाच डब्यात शेजारी ठेवून तासभर चालवून पाहावेत. आकड्यांत फरक येत असेल तर तो तेव्हाच वहीत लिहून ठेवावा.